मागचा पांढरा दिवा

जुन्या फोर बाय फोरचा रिव्हर्स लाइट गेला म्हणून कुणी खास गॅरेजला जात नाही. हेडलाइट गेला की त्याच संध्याकाळी धावपळ होते. ब्रेक लाइट गेला तर मागून येणारा एखादा भला माणूस सिग्नलला शेजारी थांबून सांगतो. रिव्हर्स लाइटचं दुखणं मात्र महिनोन्‌महिने कळत नाही, कारण तो लागतो तेव्हा ड्रायव्हर गाडीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. कळतं ते पंधरा वर्षं झाल्यावर पासिंगच्या वेळी, नाहीतर भर पावसात, रात्री, चिखलात रुतलेली गाडी मागे काढताना आरशात नुसता काळोख दिसतो तेव्हा.

आमच्या घरी अशी एक गाडी आहे. वडिलांनी नव्वदच्या दशकात घेतलेली, लिव्हर ओढून चारही चाकांना ताकद देणारी. पाटण तालुक्यातल्या तीस-एक पावसाळ्यांचं पाणी तिच्या अंगावरून गेलंय. तिचे मागचे दोन्ही पांढरे दिवे बंद पडले आणि ते दुरुस्त करता करता मी या दिव्याचा इतिहास शोधायला लागलो. इतक्या क्षुल्लक वस्तूला इतिहास असतो का? असतो. आणि त्यातला आपल्याकडचा भाग कुठे नीट लिहिलेला मला सापडला नाही.

सुरुवात गाडी मागे जायला शिकली तिथपासून करावी लागेल. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीला रिव्हर्स गिअरच नव्हता. मागे न्यायची तर उतरायचं आणि ढकलायची. बैलगाडीच्या जमान्यातल्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नसणार. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला मात्र रिव्हर्ससाठी चक्क वेगळं पेडल होतं, तीन पेडलांमधलं मधलं. या गाडीची एक गंमत अशी की पेट्रोलची टाकी सीटखाली असायची आणि पेट्रोल पंपाने न येता नुसतं उताराने इंजिनात यायचं. टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला की इंजिन टाकीपेक्षा उंचावर जायचं आणि बंद पडायचं. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. पाठ पुढे करून डोंगर चढणारी गाडी! आणि पाठीला उजेड कसला, तर सुरुवातीच्या काळात एक तेलावर जळणारा लाल टेल लॅम्प.

लाल का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुढे पांढरा आणि मागे लाल ही रीत रस्त्यावर रूढ झाली तिच्यामागे रेल्वेची सवय होती. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे लाल दिवा. त्याचा अर्थ सरळ आहे: अंधारात पांढरा दिवा दिसला तर काहीतरी तुमच्याकडे येतंय, लाल दिसला तर तुमच्यापासून दूर चाललंय. म्हणून गाडीच्या पाठीवर पांढरा दिवा लावणं हे जवळजवळ खोटं बोलण्यासारखं होतं. पण गाडी खरोखरच मागे येत असेल तर? तर तो पांढरा दिवाच खरं बोलतो. तेवढ्या काही सेकंदांपुरती गाडीची पाठ हीच तिचं तोंड झालेली असते. रस्ता वाहतुकीबद्दलच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात मागच्या बाजूला पांढरा उजेड टाकायची बंदी आहे आणि तिला जे मोजके अपवाद आहेत त्यांत हा दिवा येतो.

पहिला रिव्हर्स लाइट कुणी लावला याबद्दल मोटारींच्या इतिहासात साधारणपणे एकच नाव घेतलं जातं, १९२१ च्या विल्स सेंट क्लेअर या गाडीचं. ती बनवणारा चाइल्ड हॅरॉल्ड विल्स हा हेन्री फोर्डचा अगदी सुरुवातीचा सहकारी आणि धातूंचा जाणकार. फोर्डचं नाव ज्या वळणदार अक्षरांत आजही लिहिलं जातं त्याचं श्रेयही त्याला देतात. फोर्डमधून बाहेर पडून त्याने मिशिगनमधल्या मेरीसव्हिलला स्वतःचा कारखाना काढला. गाडी उत्तम होती, महाग होती आणि कारखाना काही वर्षांत बंद पडला. मागे राहिल्या त्या अशा काही सोयी, ज्या पुढे सगळ्यांनी उचलल्या.

उचलल्या, पण सावकाश. पुढची तीस-चाळीस वर्षं हा दिवा हौसेचा होता. बऱ्याच गाड्यांना तो नंतर बसवून घ्यायचे आणि त्याचं बटण डॅशबोर्डवर असायचं. गाडी मागे घेऊन झाल्यावर बटण बंद करायचं राहिलं की मागचा ड्रायव्हर गोंधळात. म्हणून दिवा गिअरलाच जोडायचा, म्हणजे लिव्हर रिव्हर्सला पडली की लागेल आणि निघाली की विझेल, ही पद्धत पक्की झाली. माझ्या मते या दिव्याच्या इतिहासातला खरा शोध तो आहे, बल्ब नव्हे. ड्रायव्हरच्या आठवणीवर काही सोडलेलं नाही. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस दिव्यांबद्दलचं सरकारी मानक आलं आणि तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना रिव्हर्स लाइट सक्तीचा झाला.

आता जीप. आपल्याकडच्या सगळ्या जुन्या फोर बाय फोरची आजी तीच.

१९४० मध्ये अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती, तीही काही आठवड्यांत. बँटम नावाच्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आराखडा केला आणि सप्टेंबरमध्ये पहिला नमुना सैन्याच्या हाती पडला. पुढे विलिस आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनी १९४५ पर्यंत मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. या गाडीला रिव्हर्स लाइट नव्हता, आणि ते समजण्यासारखं आहे. रणांगणात रात्री मागे पांढरा झोत टाकणारी गाडी म्हणजे शत्रूला आमंत्रण.

पण मागच्या बाजूला दिवेच नव्हते असं मात्र नाही. ब्लॅकआउटचे दिवे होते, मांजराच्या डोळ्यांसारख्या बारीक फटींचे. त्यांची रचना मला फार आवडते. ताफ्यात मागून येणाऱ्या ड्रायव्हरला ते दिवे अंतराप्रमाणे वेगवेगळे दिसायचे. फार जवळ गेलात तर प्रत्येक दिव्यातल्या फटी सुट्या दिसणार, बेताच्या अंतरावर त्या मिळून दोन ठिपके दिसणार, आणि फार मागे पडलात तर दोन्ही ठिपके मिळून एकच. न बोलता, न ब्रेक मारता मागच्याला सांगायचं, ‘किती जवळ आहेस बघ.’ मागचा दिवा ही दुसऱ्याशी बोलायची भाषा आहे हे युद्धातल्या इंजिनियरांना बरोबर कळलं होतं.

आपल्याकडच्या वयस्कर लोकांना ब्लॅकआउट आठवतो तो १९७१ चा. मुंबईत गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायला लावला होता. युद्ध दोन आठवड्यांत संपलं, पण तो अर्धा काळा रंग काही गाड्यांवर पुढे कित्येक दिवस तसाच होता असं घरातली माणसं सांगतात. कोण खरवडत बसणार?

जीप भारतात आली ती युद्धाबरोबर, आणि राहिली ती मुंबईच्या एका कंपनीमुळे. १९४५ मध्ये के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ सुरू केली. धंदा पोलादाचा होता. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, आधी अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इथल्या कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. त्याच सुमारास विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून माझगावला जोडणी सुरू झाली. १९५३ मध्ये अमेरिकेत आलेलं उंच बॉनेटचं सीजे-थ्रीबी हे मॉडेल इथे इतकं रुजलं की अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झाल्यावरही इथे त्याच तोंडवळ्याच्या गाड्या पुढे काही दशकं निघत राहिल्या.

१९६८ हे साल पुन्हा आलं, ते लक्षात घ्या. तिकडे रिव्हर्स लाइट सक्तीचा होत होता त्याच सुमारास तिकडची ती जीप निवृत्त झाली. इकडे मात्र चाळीसच्या दशकात आखलेला सांगाडा चालू राहिला. त्यावर बीडीओ आले, तहसीलदार आले, निवडणुकीचे कर्णे आले. पुढे लांब चॅसिसच्या जीपा आणि ट्रॅक्स आल्या आणि सातारा-कोल्हापूरकडे त्यांचं ‘वडाप’ झालं, मराठवाड्यात आणि विदर्भात ‘काळी-पिवळी’. नऊ जणांच्या गाडीत अठरा जण. मागच्या पायरीवर तिघे लोंबकळत असताना रिव्हर्स लाइट आहे की नाही हे दिसणार कुणाला?

आणि इथेच आपला इतिहास त्यांच्यापेक्षा वेगळा होतो. आपल्याकडे गाडीच्या मागे दिवा नव्हता, माणूस होता.

एसटी डेपोत मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो. ट्रकचा क्लीनर, ज्याला आमच्याकडे किन्नर म्हणतात, मागच्या फळीवर हात आपटत ओरडतो, ‘येऊंदे, येऊंदे… डावी मार… फुल्ल डावी… सोड… बास बास बास!’ फळीवरचा एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ही एसटीच्या घंटीचीच भाषा. वडापला तर पगारी क्लीनरही नसायचा, मागच्या पायरीवर उभं राहिलेलं कुणीतरी पोरगंच ते काम फुकट प्रवासाच्या बदल्यात करायचं.

या पोराच्या कामाबद्दल कायदा काय म्हणत होता? १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा चौदा वर्षांखालच्या मुलाला या कामावर ठेवायला मनाई करायचा आणि त्याहून मोठ्या, पण अठरा न भरलेल्या मुलाला डॉक्टरचा दाखला मागायचा. कागदावर चांगला कायदा. पण तो सर्वसाधारणपणे लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. एका मालकाचा एक ट्रक, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर म्हणजे दोनच कामगार. आपल्या रस्त्यांवर असे एका ट्रकचे मालक किती दिसतात हे मी वेगळं सांगायला नको.

त्यात ट्रकचं आणखी एक होतं. कंपनीकडून यायची ती बहुतेकदा नुसती चॅसिस. लाकडी फाळक्याची बॉडी गावच्या बॉडीवाल्याकडे बांधायची. मागचे दिवे कुठे बसणार, वायर कुठून जाणार, पांढरा दिवा लावायचा की नाही, हे तो सुतार-लोहार ठरवणार. मालक पैसे वाचवणार आणि वाचवलेल्या पैशांच्या जागी पोरगं उभं राहणार. हा दिवा आपल्याकडे उशिरा आला त्याचं कारण तंत्रज्ञान नव्हतं. बल्ब होते, वायर होती, स्विच होता. त्यांच्यापेक्षा माणूस स्वस्त होता, एवढंच.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ज्यांच्याकडे मी गाडी नेली त्या कराडच्या वायरमनकडून कळलं.

मिस्त्रींचं वय साठीच्या पुढे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, भिंतीवर जुने अल्टरनेटर आणि एका खिळ्याला लटकवलेले वायरींचे गुच्छ. मी सांगितलं, दोन्ही रिव्हर्स लाइट गेलेत, नवीन बल्ब टाका. ते हसले.

“दादा, एक गेला आसता तर बल्ब म्हणालो आसतो. दोन्ही एकदम गेल्यात म्हंजी दुखणं फुडं हाय.”

या एका वाक्यात अर्धी दुरुस्ती आहे. दोन बल्ब एकाच वेळी जायची शक्यता कमी, म्हणून दोघांना जे सामाईक आहे तिथे बघायचं. आमच्या गाडीत करंट बॅटरीतून चावीच्या स्विचला, तिथून फ्यूजला, फ्यूजमधून गिअरबॉक्सवरच्या छोट्या स्विचला आणि तिथून एकच वायर चॅसिसच्या कडेने मागे जाते. मागे तिच्या दोन फांद्या होतात. याच फ्यूजवर इंडिकेटरही होते आणि ते चालू होते, म्हणजे फ्यूज निर्दोष. मग त्यांनी चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि लिव्हर रिव्हर्सला टाकली. मागे होल्डरमध्ये टेस्ट लॅम्प लावला, म्हणजे दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब. पेटला नाही. दुखणं पुढेच होतं.

ते गाडीखाली गेले. मीही गेलो. गिअरबॉक्सच्या बाजूला ऑइल आणि चिखल यांचा काळा थर, त्यात बुडालेला अंगठ्याएवढा स्विच आणि त्याच्या दोन वायरी. यातली यंत्रणा इतकी साधी आहे की पाहून हसू यावं. स्विचच्या टोकाला एक पोलादी गोळी असते, मागे स्प्रिंग. रिव्हर्स टाकला की गिअरबॉक्सच्या आतला दांडा सरकून त्या गोळीला दाबतो, आत दोन पत्रे एकमेकांना टेकतात आणि दिवा लागतो. मिस्त्रींनी स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या. स्विच वगळला तर दिवे लागतात का, याची ही परीक्षा.

लागले. म्हणजे, दीड लागले. डावा लख्ख, उजवा उदबत्तीच्या टोकासारखा.

जुन्या गाडीचं हे असंच असतं. एक आजार दुसऱ्याला झाकून ठेवतो. स्विच खराब होता म्हणून दोन्ही दिवे बंद होते, आणि दोन्ही बंद होते म्हणून उजव्याचं अर्थिंग सडलंय हे कुणाला कळलं नव्हतं. नुसता स्विच बदलून घरी गेलो असतो तर एक डोळा मिटलेलाच राहिला असता.

अर्थिंगबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण जुन्या फोर बाय फोरच्या विजेच्या तक्रारींचं मूळ फार वेळा तिथेच निघतं. घरातल्यासारख्या दोन वायरी गाडीत प्रत्येक दिव्याला जात नाहीत. एकच जाते, प्लसची. परतीची वाट गाडीचा लोखंडी सांगाडाच असतो. दिवा ज्या पत्र्यावर बसलाय तो पत्रा बॉडीला, बॉडी चॅसिसला आणि चॅसिस बॅटरीच्या मायनसला. या वाटेवर कुठेही गंज चढला की करंटला अडथळा. किती अडथळा पुरतो? रिव्हर्सचा बल्ब बारा व्होल्ट, एकवीस वॅटचा असतो, म्हणजे पावणेदोन अँपिअर ओढतो. पेटलेला असताना त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स सातेक ओहम. गंजाने त्यात फक्त एक ओहम वाढवला तरी उजेड सुमारे एक तृतीयांशाने घटतो, कारण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. आमच्या उजव्या दिव्याच्या बुडाशी एक नव्हे, बरेच ओहम बसलेले होते. अर्थिंग फारच वाईट असेल तर आणखी विचित्र खेळ होतात. करंट शेजारच्या बल्बमधून चोरवाट काढतो आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. लोक घाबरून सगळं वायरिंग बदलतात. बदलायचा असतो एक गंजलेला बोल्ट.

मिस्त्रींनी उजव्या दिव्यापासून चॅसिसपर्यंत नवीन वायर टाकली. जिथे बोल्ट बसणार तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकेपर्यंत काढला, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस थापलं. होल्डरमधला हिरवा थर खरवडला. मग स्विच. जुना काढताना गिअर ऑइलची धार लागेल म्हणून खाली डबा आणि हातात चिंधी. नवा स्विच काही शे रुपयांचा. त्याच्याखाली तांब्याचं वॉशर असतं, आणि ते वॉशर ही दिसते तितकी फालतू वस्तू नाही. जाड पडलं तर गोळी दांड्यापर्यंत पोचत नाही आणि दिवा लागत नाही. पातळ पडलं तर गोळी सतत दबलेली राहते आणि पुढे जातानाही मागे पांढरा दिवा चालूच. जुनं वॉशर त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं आणि त्याच जाडीचं नवीन शोधायला दहा मिनिटं डबे उलटेपालटे केले.

मी मध्येच विचारलं, मागे एक मोठी एलईडी पट्टीच लावू या का, डॅशबोर्डवर वेगळं बटण देऊन? हल्ली ऑफ-रोडिंगवाले लावतात.

“लावा की. पर बटन बंद कराय कोन ध्यानात ठेवनार? मागनं यणारा मोटारसायकलवाला आंधळा हुतोय.”

पन्नासच्या दशकातल्या डॅशबोर्डवरच्या बटणाबद्दल त्यांनी काही वाचलेलं नव्हतं. त्यांचा निष्कर्ष तोच होता, आणि मला तो पटला.

अशा गाडीला हा दिवा शहरातल्या मोटारीपेक्षा जास्त लागतो. मॉलच्या पार्किंगमध्ये वरून उजेड असतो. ओढ्यातून किंवा उभ्या मातीच्या चढावर गाडी अर्ध्यात अडकली की शहाणपणाचा मार्ग एकच: स्टिअरिंग सरळ, रिव्हर्स गिअर, क्लचवरून पाय काढून इंजिनाच्या ब्रेकवर आलं त्याच वाटेने खाली उतरायचं. चढावर गाडी आडवी वळवणारे उलटतात. रात्री ते सरळ खाली येणं दोन एकवीस वॅटच्या बल्बांच्या भरवशावर असतं. लो गिअरमध्ये असा की हाय, स्विच मुख्य गिअरबॉक्सवर असल्यामुळे तो लागतोच.

काम चालू असताना मी त्यांना विचारलं, हे सगळं शिकलात कुठे.

तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते ट्रकवर चढले. कराड-चिपळूण. कुंभार्ली घाट. जाताना गूळ आणि कांदा, येताना जे मिळेल ते. त्या घाटात पावसाळ्यात धुकं असं उतरतं की स्वतःचं बॉनेट दिसत नाही. वळणावर दोन ट्रक समोरासमोर आले की नियमाप्रमाणे उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, म्हणजे बहुतेकदा कुणाला तरी मागे जावं लागणार. मग किन्नर उतरणार. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये ट्रकची पाठ. पोरगं जिथे उभं राहून ओरडतं ती जागा ड्रायव्हरला कुठल्याच आरशात दिसत नाही.

“आवाज ऐकू यायचा म्हनून पोरं बंपरच्या जवळ थांबायची. इंजान गर्जत आसतंय. लांब थांबलं तर ऐकूच जात न्हाई.”

त्यांच्याबरोबरचा एक पोरगा, दुसऱ्या ट्रकवरचा, असाच डोंगराच्या आणि फाळक्याच्या मध्ये सापडला. ड्रायव्हरला वाटलं पोरगं गप झालं म्हणजे अजून जागा आहे. हे सांगताना मिस्त्री वायरीला टेप गुंडाळत होते आणि हात थांबला नव्हता. त्या ट्रकला मागे पांढरा दिवा होता का, असं मी विचारलं. नव्हता. दिव्याने त्या वळणावर काय बदललं असतं ते मला माहीत नाही. पण निदान डोंगराची कडा उजळली असती आणि पोरग्याला थोडं लांब उभं राहता आलं असतं, एवढं मिस्त्रींचं म्हणणं होतं. त्यानंतर वर्षभरात ते ट्रक सोडून एका वायरमनच्या हाताखाली लागले.

१९८९ मध्ये केंद्र सरकारने रस्त्याचे जे नियम काढले त्यात मागे जाण्याबद्दलही एक नियम होता. कुणाला धोका वा अडथळा होणार नाही याची खात्री केल्याशिवाय गाडी मागे घेऊ नये, आणि घेतली तरी वळवण्यापुरतीच घ्यावी, रोड रोलरचा अपवाद सोडून. रोड रोलरची आठवण ठेवणाऱ्या त्या अधिकाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. पण ‘खात्री’ करायची कशी, हे नियम ड्रायव्हरवर सोपवतो आणि ड्रायव्हर किन्नरावर.

मग आवाज आले. मागे जाताना टूं-टूं करणारा भोंगा जपानमधल्या यामागुची इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणला असं सांगितलं जातं. आपल्याकडे त्याची आरती झाली, शब्दशः. गल्लीत ‘ओम जय जगदीश’ वाजलं की पूजा नसून शेजारचा टेंपो मागे येतोय हे आमच्या पिढीला पाळण्यातच कळलं. एकामागून एक वेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मोटार नियमांत बंदी आहे, तरीही. मला त्या आरत्यांचा राग येत नाही. किन्नराच्या आवाजाची जागा कशाने तरी घ्यायलाच हवी होती.

आता मागे डोळे आले आहेत. अमेरिकेत २००२ मध्ये एका बालरोगतज्ज्ञाचा दोन वर्षांचा मुलगा घराच्याच वाटेवर वडिलांच्या रिव्हर्स येणाऱ्या एसयूव्हीखाली गेला. उंच गाडीमागे लहान मूल आरशात दिसतच नाही. त्या वडिलांनी नंतर कितीतरी वर्षं सरकारचे उंबरे झिजवले. मुलाच्या नावाचा कायदा झाला, नियम निघायला आणखी वर्षं गेली आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना रिव्हर्स पार्किंग सेन्सर लागतो. जुन्या गाड्यांना हे काही लागू नाही. आमच्या गाडीच्या पाठीला दोन बल्ब आहेत आणि आता ते दोन्ही पेटतात.

काम संपलं तेव्हा अंधार पडला होता. बघून घेऊ म्हणून मी मागे जाऊन उभा राहायला निघालो, तर मिस्त्रींनी दंड धरून बाजूला घेतलं. टपरीच्या कडेचा एक जुना टायर त्यांनी लोळवत नेऊन गाडीच्या मागे, दहा-बारा फुटांवर आडवा टाकला. मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः बाजूला, गाडीपासून चांगले लांब जाऊन उभे राहिले.

“घ्या मागं. मी वरडनार न्हाई. तुमचं तुमी बघा.”

लिव्हर रिव्हर्सला पडली. आरशात टायरची वरची कड पांढरी दिसली. मी हळूहळू मागे घेत गेलो आणि टायरच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबलो. मिस्त्री आले, वाकून अंतर बघितलं आणि टायर उचलून परत टपरीला टेकवून ठेवला.